अण्णांची बदामी न्हाणी

चहा घ्या हो, गार होतोय. सांगतो माझी ती फजिती, पण आधी कबूल करा, मी हे सांगितल्याचं अण्णांच्या कानावर जाता कामा नये. आता अण्णांना जाऊन कैक वर्षं झाली, हे मलाही ठाऊक आहे. पण त्यांची भीती काय त्यांच्याबरोबर जाते होय?

अण्णा म्हणजे माझे चुलते. आई-बाप मी लहान असतानाच गेले, काकू पण गेली, आणि मला वाढवलं ते अण्णांनी. पुसेगावात आमची शेती. अण्णा नुसते खाकरले तरी गोठ्यातले बैल रवंथ थांबवायचे. मग माझी काय कथा? लग्न झालं, मिशा आल्या, तरी अण्णांसमोर माझ्या तोंडून "व्हय" सोडून दुसरा शब्द निघत नसे.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. त्यांना आंघोळ लागायची भल्या पहाटे, दिव्याच्या उजेडात, आणि न्हाणीतला दगड तर शेवाळलेला. एकदा घसरले ते थेट घंगाळात! तेव्हा ठरलं, अण्णांनी हैदराबादेला जाऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं आणि ते येईस्तोवर मी अंगणात नवी न्हाणी बांधून ठेवायची. फरशीची!

गड्याला सोबत घेऊन निघताना अण्णा म्हणाले, "काळी शहाबादी आण. डोकं चालवू नको."

"व्हय."

"हे येक काम नीट कर. जमलं तर घरचा कारभार तुझ्या हाती देतो. बिघडलं तर जल्मभर बैलामागं हिंड."

"व्हय," मी म्हणालो.

गेलो हिंगोलीच्या बाजारात. फरशीवाल्या शेटजीच्या वखारीत म्हाताऱ्या अण्णांच्या न्हाणीसाठी काळी फरशी मागितली, तर तो म्हणतो, "काली कायकू लेते भाई? बुड्ढे आदमी, अंधेरे में पानी कैसा दिखेगा?"

झालं! माझं डोकं चाललं. काळी घेतली आणि अण्णा पुन्हा घसरले तर? मग शेटजीने सिमेंटच्या रंगीत फरश्या मांडल्या. पांढरी पाहिली. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना तिरीप लागेल. लाल? पाणी सांडलं की बोकड कापल्यासारखं दिसायचं. हिरवी? तिच्यावर शेवाळ आलं तरी कुणाला कळणार?

मग निघाली बदामी. भाकरीच्या पापुद्र्यासारखा रंग, ना पांढरा ना पिवळा. थंडीच्या दिवसांत तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी ऊब वाटावी. मी तीच उचलली. आणि गाडी पुसेगावच्या वाटेला लागली तसा मला घाम फुटला. काळी सांगितली होती हो अण्णांनी! आणि मी बदामी घेऊन निघालो होतो, तेही त्यांना न विचारता.

आता रंग बदललाच आहे तर न्हाणी अशी सजवू की अण्णांच्या तोंडून चकार शब्द निघू नये, असं ठरवलं. कडेने तपकिरी पट्टी घेतली. तांब्याचं घंगाळ चिंचेने घासून कोपऱ्यात मांडलं. भिंतीला बदामी रंगाचा हात दिला, खुंट्या सागवानी बसवल्या. गवंडी वैतागून म्हणाला, "भाऊ, इथं आंघोळ करायची का लगीन लावायचं?"

जाताना त्याने फरशीभर चुन्याची पांढरी फक्की पसरली आणि बजावलं, "सांध्यात बसू द्या. सकाळपर्यंत पाय देऊ नका."

दिवेलागणीची वेळ. आमची ही विहिरीवर गेलेली. मी एकटाच घरी. मनात आलं, अण्णा दिव्याच्या उजेडातच आंघोळ करणार, तर तेवढ्या उजेडात बदामी कशी दिसते ते बघावं! उंबऱ्यावरून हात लांब करून मधोमध पणती ठेवली. वारा होता, म्हणून तिच्यावर दुरडी तिरपी झाकली. पणतीच्या उजेडात चुन्यातून डोकावणारी कडेची फरशी अशी उजळली म्हणता! मी खूश होऊन दार उघडंच टाकलं आणि बैलांना वैरण घालायला गोठ्यात गेलो.

तुमच्यातल्या जाणत्यांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. माणूस गेलं की आपल्याकडे काय करतात? पीठ पसरायचं, त्यावर दिवा ठेवायचा, वर दुरडी झाकायची आणि सकाळी पिठात कशाची पावलं उमटली ते बघायचं. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणे. हे मला ठाऊक नव्हतं का? पक्कं ठाऊक होतं! पण माझ्या डोक्यात फरशीशिवाय दुसरं काही शिरेल तर ना!

शेजारच्या गंगाकाकू विस्तव मागायला आल्या. पांढरं पसरलेलं पाहिलं, पणती पाहिली, दुरडी पाहिली. विस्तव राहिला बाजूला, तशाच विहिरीकडे पळाल्या.

थोड्याच वेळात अंगणात रडण्याचा कल्लोळ उठला. मी गोठ्यातून बाहेर येतो तो बायकांच्या घोळक्यात आमची ही! पदर तोंडाला लावलेला, घागरीचा पत्ता नाही.

"काय झालं गं?"

"अवं, मामंजी गेले!"

मी मटकन खालीच बसलो आणि हंबरडा फोडला. माझा हंबरडा ऐकून तिची उरलीसुरली शंका फिटली, आणि तिचं रडणं बघून माझी. तिला वाटलं, सांगावा माझ्याकडे आला. मला वाटलं, तिच्याकडे आला. कुणी आणला, कधी आणला, काही विचारण्याचं भान कुणाला होतं?

गाव गोळा झालं. "डोळ्याचं आप्रेशन म्हंजे काय खेळ हाय? डोळा काढून बशीत ठेवत्यात म्हने," एक म्हातारबा म्हणाले.

"पर दिवा न्हाणीत काहून ठेवला?" कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

"काहून म्हंजे? तेंच्यासाठीच तर बांधली न्हाणी! जीव तितंच घुटमळत असंल लेकराचा," गंगाकाकू म्हणाल्या. अण्णा त्यांच्यापेक्षा वयाने मोठे, पण गेलेलं माणूस लेकरूच!

मी ऐकलं आणि मनात म्हटलं, बरोबर आहे, आमच्या हिनेच दिवा ठेवला असेल. आहे ना अकलेचा कळस? स्वतः लावलेली पणती, घटकाभरात बायकोच्या नावावर केली!

खरं सांगतो, त्या वेळी मला दोन गोष्टींनी पोखरलं. एक तर मी खरंच पोरका झालो होतो. आणि दुसरं, न्हाणी न बघताच अण्णा गेले, आता कळणार कसं, बदामी त्यांना आवडली असती की नाही? मेलेल्या माणसाचीही मला भीती वाटत होती. काळी आणली नाही म्हणून अण्णा स्वप्नात आले तर!

सकाळी जाणती माणसं म्हणाली, मयत तिकडंच झालं असंल, पर बातमी कळल्यावर डोकं उतरवायचा शिरस्ता हाय. नाभिक आला. केस गेले, मिशाही गेल्या. मग आंघोळ. विहीर लांब, आणि गंगाकाकू म्हणाल्या, "न्हाणी हाय की. तेंच्या नावानं तितंच दोन तांबे घे."

दुरडी बाजूला करून मी बदामी फरशीवर उकिडवा बसलो. डोक्यावर पाणी घेतलं. अंगणातलं रडणं एकदम थांबलं. मी म्हटलं, दमल्या असतील बिचाऱ्या. दुसरा तांब्या घेतला. तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.

ती खाकर! बैलांचा रवंथ थांबवणारी ती खाकर! मान वर करायची हिंमत होईना. तशीच नजर जमिनीवरून सरकवली. भुताचे पाय उलटे असतात, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. मी पाय बघितले. सुलट होते! चांगले वहाणा घातलेले, धुळीने भरलेले, सुलट पाय. भूत असतं तर परवडलं असतं हो!

वर बघितलं. बशीएवढ्या काचांचा चष्मा लावलेले अण्णा. हिंगोलीच्या स्टेशनावरून भाड्याच्या गाडीने आलेले.

"काहून रे, डोकं काहून उतरवलंस?"

मी हातातला तांब्या हळूच खाली ठेवला.

"कोन गेलं?"

"तु... तुमी."

"मी? मी कव्हा गेलो?"

"काल. दिवेलागणीला."

"आन् मला कुनी सांगितलं बी न्हाई!"

मग अण्णांनी तिथेच चौकशी मांडली. मी म्हणालो, हिने सांगितलं. ही म्हणाली, गंगाकाकूंनी. गंगाकाकू घोळक्याच्या मागे मागे सरकत म्हणाल्या, "पीठ पसरलेलं मी सोता बघितलं न्हवं का, वर दिवा!"

"पीठ न्हाई काकू, चुना हाय तो!" मी ओरडलो. "पणती तर मी ठिवली, फरशी बघाया..."

आणि बोलता बोलता माझा आवाज बसत गेला. अख्खं गाव माझ्याकडे बघत होतं. अण्णांना मारलं होतं ते मीच! मग त्यांच्यासाठी रडलोही मीच, आणि मिशाही उतरवल्या त्या माझ्याच.

अण्णा हसले नाहीत. रागावलेही नाहीत, आणि तेच जास्त भयंकर होतं. ते वाकून फरशी बघायला लागले. चुन्याचा पांढरा लगदा पाण्याबरोबर मोरीकडे चालला होता आणि खालून माझी बदामी उघडी पडत होती. माझ्या कारभाराचा निकाल तिथे लागणार होता. थंडीने दातांवर दात आपटत होते, की भीतीने, आजही सांगता यायचं नाही.

"काळी सांगितली हुती."

"व्हय."

"ही कोंची?"

"बदामी. अंधारात तुमी घसरू नये म्हून... पानी दिसतं हिच्यावर."

अण्णांनी चष्मा वर-खाली केला. आधी फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फरशीकडे.

"फरशी बेस हाय," ते शेवटी म्हणाले. "ऱ्हाऊ दे. कारभार बी बघ उद्यापासून. पर केस येईस्तोवर डोक्याला फडकं बांधून आंघोळ करीत जा. फरशी कुटं सरली आन् तुझं टक्कल कुटं सुरू झालं, माझ्या नव्या डोळ्यांना समजून न्हाई राहिलं!"

बांधलं हो! केस येईपर्यंत रोज, मुकाट्याने, फडकं बांधून डोक्यावर पाणी घेतलं. अण्णांना उलटून बोलायची छाती कुणाची होती?