रिकामा गंज

आमी दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते तुरीच्या शेंगा सोलायचं. सकाळचं ऊन पायरीवर आलं होतं. नार्नूरची थंडी वाईट, म्हणून बायको पायावर गोधडी घेऊन बसली होती. हिरवे दाणे ताटात, टरफलं सुपात. मी एक किडका दाणा ताटात टाकला तर लगेच म्हणाली, "डोळे कुठं हायेत तुमचे? अळी शिजवून खाता काय?"

मग हात न थांबवता म्हणाली, "अवो, दोन वर्षं झाली इथं येऊन. समोरच्या घरून एक वाटी भाजी नाही आली. मी काऊन नाही आवडत या लोकायला?"

मी शेंगा सोलत राहिलो. उत्तर मला माहीत होतं.

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. शाळा चौथीपर्यंत झाली, अक्षर वाकडं आहे. खोटं मात्र सरळ जमलं.

हैदराबादेत सव्वीस वर्षं मी एका बिल्डिंगचा वाचमन होतो. जिन्याखालच्या खोलीत राहायचो. दाराशी उभं राहायचं अन् येणाऱ्याला अडवून विचारायचं, "किसके घर जाना है?" हेच काम. वरचे लोक उरलेलं अन्न डब्यात घालून खाली धाडायचे. कालचा भात, आंबलेलं वरण. बायको डबा घासून रिकामाच परत द्यायची, कारण आमच्या हातचं वर कोण खाणार? तिला ते फार लागायचं. तिच्या माहेरी शेजारचं भांडं रिकामं परत करत नसत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायचे.

बिल्डिंग पाडली तेव्हा तिच्या भावानं या डोंगरातल्या गावात कधीकाळी घेतलेल्या दोन खोल्या आमाला राहायला दिल्या. घाटात बस वळली की ती माझा दंड धरायची अन् हसायची. "आता आपलं दार," म्हणाली, "जिन्याखालचं नाही." आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं शेंगदाण्याचे लाडू करून डबा भरला. कोणाच्या घरून भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, आला तर तो धुऊन त्यात लाडू घालून द्यायला.

तिसऱ्याच दिवशी गंज आला. बायको बाजारात गेली होती. समोरची बाई, मेथी-पालक पिकवून विकणारी, झाकलेला गंज घेऊन सरळ आत यायला लागली. इथं कोणी दार वाजवत नाही. मी सवयीनं चौकटीत हात आडवा घातला.

"कोण पाहिजे? काय काम?"

ती हसली. "अवो काका, समोरच राह्यते मी. आधार कार्ड आणू काय?"

मी हसलो नाही. तो गंज पाहिला अन् मला जिन्याखालची खोली आठवली.

"आमच्या घरी चूल पेटते," मी म्हणालो. "उरलंसुरलं इथं आणायचं नाही. आमी भिकारी नाही."

तिनं झाकण काढून दाखवलं. अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी. वाफ निघत होती. मग झाकण ठेवलं अन् गेली.

बायकोला मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. तिकडं गल्लीतल्या बाया आमच्या दाराकडं वळेनात. नळावर ती बोलायला गेली की घागरी उचलून चालू लागायच्या. एकदा माझ्या कानावर आलं, "तिकडं नको जाऊ वं, तिथं वाचमन बसून राह्यते." बायको स्वतःलाच दोष द्यायची. माझी बोली शहरी झाली, मला वागता येत नाही. नव्या घरी आधी शेजारणीनं यायचं असतं, मी आपणहून कशी जाऊ, म्हणायची. लाडू तसेच राहिले. शेवटी डबा माझ्यापुढं ठेवला. "तुमीच खा. खवट होतील."

मी खाल्ले. चहाबरोबर, सगळे.

त्या सकाळीही मी एवढंच म्हणालो, "लोक असेच असतात." ती म्हणाली, "छाती जड वाटून राह्यली, जरा पडते." उरलेल्या शेंगा तशाच सोडून आत गेली. थोड्या वेळानं हाक मारली, तर उठली नाही.

दिवस मावळायच्या आत सगळं झालं. खांदा द्यायला गल्लीतलीच माणसं आली. दोन वर्षांत मी त्यांना कधी बस म्हटलं नव्हतं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून दिवेलागणीला समोरची बाई पिठलं-भाकर घेऊन आली. गंज तोच. चौकटीबाहेर थांबली अन् म्हणाली, "येऊ काय?"

या गावात असं कोणी विचारत नाही.

मी बाजूला झालो. जेवलोही. भूक लागली होती, त्याचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंज राखेनं घासला. सुतकात आपल्या घरचं कोणाला देता येत नाही. सोललेले दाणे ताटात तसेच पडले होते. मी गंज घेऊन समोरच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. बाई मेथीच्या जुड्या बांधत होती.

"रिकामाच आणला," मी म्हणालो.

"असू द्या. सुतक हाय."

"ती असती तर रिकामा देत नसती. तिनं लाडू करून ठेवले होते. तुमी आला होता, हे तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलंच नाही."

तिचे हात थांबले. "म्हणजे काकूनं नाही सांगितलं तुमाला तसं बोलायला?"

"नाही. मीच."

"अन् आमी दोन वर्षं तिला मिजासखोर समजून राह्यलो." मग आवाज चढला. "हे आता सांगून राह्यले तुमी? ती होती तवा तोंड नव्हतं काय?"

"नव्हतं," मी म्हणालो. "नळावर सगळ्यायला सांगा. मी केलं म्हणून सांगा."

तिनं पदरानं डोळे पुसले, फाटकावरून गंज घेतला. आत या म्हणाली नाही. सुतक म्हणून की माझ्यामुळं, मी विचारलं नाही. घागर उचलून ती नळाकडं गेली. तिथं ती बोलायला लागली तशा बाया एकेक करून माझ्याकडं वळून पाहू लागल्या.

मी घरात गेलो नाही. पाणी भरून सगळ्या जाईपर्यंत फाटकापाशीच उभा राहिलो.