घरची मोहरी

आमच्या घरात विकायचा माल आणि खायचा माल कधी एक नव्हता. अमळनेरात आमचं किराण्याचं दुकान. दुकानातलं चांगलं ते गिऱ्हाइकाचं, उरलंसुरलं घराचं, हा आमच्या आजोबांनी राजस्थानातून येताना बरोबर आणलेला धर्म. किडका हरभरा, फुटका गूळ, डाळीची चुरी असं सगळं ओटीवरून थेट स्वयंपाकघरात यायचं. बाई, म्हणजे माझी आई, हसून म्हणायची, "व्यापाऱ्याकडे चांगलं खायला यायचं तर दुकानात यावं, घरात जेवायला येऊ नये." लोक भाऊंना, माझ्या वडलांना, कंजूस म्हणत. ते कंजूस नव्हते. अन्न टाकायचं पाप त्यांच्याने होत नसे, आणि वाईट माल विकायचंही होत नसे.

मग भेसळीचा कायदा आला. मोहरीत पिवळ्या धोत्र्याचं बी मिसळतात, ते विषारी असतं, अशी चर्चा बाजारात सुरू झाली. हे बी शेताच्या बांधावर आपोआप वाढतं, मोहरीसारखंच काळं आणि बारीक. मुद्दाम मिसळायची गरजही नसते, खळ्यावरच ते पिकात येतं. पण इन्स्पेक्टर येऊन नमुना नेतील, खटला होईल, ह्या विचाराने बाजार भ्यायला होता. कोणी म्हणे, दिल्लीवाल्यांना काय कळतं मोहरीतलं. भाऊ मात्र खूश होते. "आता चोर आणि साव वेगळे होतील," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

त्यांनी बारीक जाळीच्या नव्या चाळण्या आणवल्या. मोहरीचं पोतं उघडलं की आधी चाळायचं, मगच तागडीत घालायचं. जळगावहून इन्स्पेक्टर आले, मोहरी बाटल्यांत भरून लाखेची मोहोर लावून घेऊन गेले. नमुना निर्मळ निघाला. खेड्यावरून आलेली गिऱ्हाइकं मूठभर मोहरी हातावर पसरून म्हणायची, "शेटजी, तुमनं बठ्ठं साफ शे!" सगळं साफ, हे ऐकून भाऊंच्या मिशा त्या दिवसांत जरा वरच असायच्या.

चाळणीखाली पडलेली बारीक, चिमलेली मोहरी मात्र टाकायची कशी? आमच्या घरात पिढ्या गेल्या तरी फोडणीला आणि लोणच्याला मोहरीचंच तेल लागायचं. शेजारणी नाकाला पदर लावत, पण बाईला त्या वासाशिवाय भाजी भाजी वाटत नसे. ती चाळण तेल्याकडे जाऊ लागली आणि घाण्यातून आमचं तेल येऊ लागलं. कोणालाही त्यात वावगं दिसलं नाही. धोत्र्याचं बी गिऱ्हाइकाला जाऊ नये म्हणून वेगळं काढायचं, एवढंच भाऊंच्या डोक्यात होतं. वेगळं काढलेलं कुठे जातंय, हे त्यांच्या, बाईच्या, माझ्याही ध्यानात आलं नाही. चुलीपाशी मीही असायची.

पाऊस संपता संपता बाईचे पाय सुजले. माझे आणि भाऊंचेही घोटे थोडे जड झाले होते, पण आम्ही दोघं हिंडतफिरत होतो. बाईची जोडवी बोटांत रुतली. सोनाराने ती कापून काढली तेव्हा ती सवाष्णपणाला अपशकुन झाला म्हणून रडली. दुखण्याचं तिला तेवढं वाटलं नव्हतं. मग तिला धाप लागू लागली. आडवं पडलं की जीव घाबरायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसून राहायची आणि मी तिच्या पाठीला उशा लावत राहायची.

डॉक्टरांनी तिचे पाय दाबून पाहिले. बोटाचा खड्डा तसाच राहिला. त्यांनी आमचेही घोटे पाहिले आणि विचारलं, "तेल कोणतं खाता?"

"मोहरीचं," भाऊ म्हणाले.

"कोणत्या दुकानातलं? त्या माणसावर खटला भरला पाहिजे."

भाऊ म्हणाले, "दुकानातलं नाही. घरचं आहे."

तेल बंद झालं. आमची सूज उतरली, बाईची नाही. ती गेली तेव्हाही बसलेलीच होती. मला तेव्हा कायद्याचा राग आला, चाळण्यांचा आला, भाऊंच्या इमानदारीचाही आला. आजही तो पुरता गेलेला नाही.

बाईचे दिवस झाल्यावर भाऊ म्हणाले, "चल, जळगावला जायचंय." कचेरीत तेच इन्स्पेक्टर होते. भाऊंनी त्यांना हात जोडून सगळं सांगितलं आणि म्हणाले, "माझ्यावर खटला भरा."

इन्स्पेक्टर भला माणूस होता. त्याने भाऊंना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "ते तेल तुम्ही कोणाला विकलं का?"

"नाही."

"ती चाळण?"

"एक दाणाही विकला नाही."

"मग शेटजी, गुन्हा होत नाही. कायदा विक्रीवर आहे."

भाऊ पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले, की बाईला ते मी खाऊ घातलं, माझ्या हाताने घातलं. शेवटी मीच भाऊंच्या दंडाला धरून त्यांना उठवलं. कचेरीच्या पायऱ्यांवर ते थांबले आणि लहान मुलासारखं मला विचारू लागले, "पण मग शिक्षा कोण देणार?"