सात गोळ्या, दहा दिवस

आमचे सासरे पस्तीस वर्षं वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. हे दुकानात शिरले की दुकानदाराचा हात आपोआप पारड्याखालून बाहेर यायचा, असं ते स्वतःच सांगतात, आणि त्यांना खोटं बोलायची सवय नाही म्हणून मी विश्वास ठेवते. खोटं बोलत नाहीत, पण खरंही विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारलं तर जेवढं विचारलं तेवढंच, काट्यावर मोजून. ‘जेवलात का बाबा?’ म्हटलं की ‘जेवलो.’ आवडलं का, मीठ जास्त झालं होतं का, ताकास तूर लागू देतील तर शपथ. लग्नानंतरचं पहिलं वर्षभर मला वाटायचं हे माझ्यावर रागावलेत. मग कळलं, माणूस सगळ्यांशीच असा आहे.

खात्यातून निघताना त्यांनी बाद झालेला एक छोटा पितळी काटा रीतसर अर्ज करून मागून घेतला. तो खिडकीपाशी टेबलावर काचेच्या पेटीत असतो. घरात आलेली प्रत्येक वस्तू त्याच्यावरून जाते. साबणाची वडी, चहाची पुडी, काही विचारू नका. एकदा माझ्या वाढदिवसाला नवऱ्याने सोन्याचं कानातलं आणलं, तर ते माझ्या कानाआधी काट्यावर चढलं. वजन कमी भरलं. वाढदिवसाच्या संध्याकाळी आम्ही तिघं सराफाच्या दुकानात उभे होतो आणि बाबा आणि सराफ भांडत होते. मी त्यातली नाही, मी नवऱ्याकडे रागाने बघत होते.

तर हा माणूस, आणि त्याच्या हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारी एक गोळी. रोज सकाळी एक, चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी मला, नवऱ्याला आणि त्यांना वेगवेगळं बसवून सांगितलं होतं. निवृत्तांच्या योजनेतून ती गोळी दर तीन महिन्यांनी टपालाने घरी येते. आणि पाठवते कोण? मी जिथे नोकरी करते तीच कंपनी. मी तिथे तक्रारींच्या फोनवर बसते. सकाळी नऊपासून लोकांना सांगायचं की आपलं पार्सल मार्गस्थ आहे. मार्गस्थ म्हणजे कुठे आहे ते आम्हालाही माहीत नाही. मग म्हणायचं, ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.’ हे वाक्य मी दिवसातून साठ वेळा म्हणते, इतक्या गोड आवाजात की माझी आई ऐकेल तर म्हणेल ही आमची नव्हे. घरी माझा आवाज दोन खोल्या ओलांडून तिसरीत जातो. नावं आम्ही सांगायची नाहीत, फक्त क्रमांक. मी सत्तावीस.

त्या वेळी टपालाचा सगळाच बोजवारा उडाला होता. पार्सलांचे ढीग कुठल्याशा वर्गीकरण केंद्रात पडून होते, आणि फोनची रांग चाळीस मिनिटांवर गेली होती. चाळीस मिनिटं तीच ती बासरी ऐकून माणूस आमच्यापर्यंत पोचला की तो काय बोलेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातच आमच्या मुली एका म्हाताऱ्याबद्दल सांगायला लागल्या. चाळीस मिनिटं रांगेत थांबतो, मुलगी ‘नमस्कार, मी क्रमांक अमुक’ म्हणाली की ऐकतो, म्हाताऱ्यासारखा खाकरतो, आणि एक शब्द न बोलता फोन ठेवतो. मुका म्हातारा, असं त्याचं नाव पडलं. आम्ही चहा पिताना त्याच्यावर पोट धरून हसायचो.

बाबांचं पार्सल यायचा दिवसही त्यातच उलटून गेला आणि पार्सल आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चार दिवसांनी एका दुपारी मी ‘नमस्कार, मी क्रमांक सत्तावीस’ म्हटलं आणि पलीकडून आवाज आला, ‘मॅडम, माझं औषध आलेलं नाही.’

आवाज बाबांचा होता. आमच्याकडे नियम आहे, नातेवाइकाच्या तक्रारीला हात लावायचा नाही, फोन दुसऱ्याकडे द्यायचा. दिला तर ते पुन्हा रांगेच्या शेपटीला, आणखी चाळीस मिनिटं. शिवाय प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. मी विचार केला, यांनी आवाज ओळखलेला दिसत नाही, ओळखणार तरी कसे, एवढी गोड मी घरी कधी बोलले? म्हणून तसंच रेटलं. किती गोळ्या शिल्लक आहेत, हा आमचा ठरलेला प्रश्न. ते म्हणाले सात. मी म्हटलं पार्सल मार्गस्थ आहे. ते म्हणाले आभारी आहे, मॅडम. घरी मला जन्मात कुणी मॅडम म्हटलेलं नाही. रात्री जेवताना मी साळसूदपणे विचारलं, बाबा, गोळ्या आहेत ना? ते म्हणाले, ‘आहेत.’

पाचव्या दिवशी परत लागले. साठा पुरेसा आहे का, मी विचारलं. आहे म्हणाले. मग थोडं थांबून स्वतःहून बोलायला लागले, आणि मी खुर्चीत सरळ बसले, कारण बाबा आणि स्वतःहून? म्हणाले, घरी तसं कुणाशी बोलायची सोय नाही, मॅडम. सून चांगली आहे, माझं सगळं करते. पण ती प्रश्न विचारते आणि उत्तर यायच्या आत गॅसकडे वळते. तुम्ही मात्र शेवटपर्यंत ऐकून घेता.

यावर मी समोरच्या कागदावर जे लिहिलं होतं तेच बोलले. आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.

घरी आले ती फणफणतच. गॅसकडे वळते म्हणे. न वळून करू काय, पोळ्या काय काट्यावर भाजतात? नवऱ्याला सांगायला गेले तर त्याला हसू आवरेना. गोळ्यांचं मात्र आमच्या दोघांत असं झालं की त्याला वाटलं मी ऑफिसातून व्यवस्था केली आणि मला वाटलं त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून आणल्या. दुकानदार चिठ्ठीशिवाय ती गोळी देत नाही, चिठ्ठी कंपनीकडे जमा असते आणि डॉक्टर गावाला गेले होते, हे दोघांनाही माहीत होतं. पण ‘तू बघितलंस ना?’ एवढं विचारायला दोघांनाही जमलं नाही. बाबांना विचारलं की आहेत म्हणायचे. मग काय, आहेत तर आहेत.

दहाव्या दिवशी तिसरा फोन आला. आवाज जरा बारीक वाटला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, साठा पुरेसा आहे का?

‘आहे.’

मी पुढच्या प्रश्नाकडे जाणार, तेवढ्यात डोक्यात कुठेतरी खटकलं. सात गोळ्या, दहा दिवस. रोज एक. हे गणित तिसरीतल्या पोराला घातलं तरी तो म्हणेल, बाई, कुठेतरी चुकतंय. मी कागद बाजूला सारला आणि विचारलं, नेमक्या किती आहेत?

‘दोन.’

‘सातातून दहा दिवस जाऊन दोन कशा उरल्या?’

‘अर्धी अर्धी घेतो. काट्यावर वजन करून कापतो, मॅडम. दोन्ही भाग तंतोतंत असतात, त्यात फसवाफसवी नाही.’ मग जरा दम घेऊन म्हणाले, ‘दोन दिवस झाले, जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं. सून घरी नसते तेव्हाच चढतो, म्हणून तिला कळलेलं नाही.’

इथे मला सगळं विसरायला झालं. रेकॉर्डिंग, नियम, क्रमांक सत्तावीस, तो गोड आवाज, सगळं गेलं चुलीत. मला भीती वाटली की मी ओरडते, हा माझा स्वभावच आहे.

‘बाबा! दहा दिवस अर्धी गोळी? आणि मला आहेत म्हणून सांगता? आधी खाली बसा. बसलात का?’

माझ्या ओळीतल्या दहाही जणी माना वळवून बघायला लागल्या. मग बाबा अगदी संथपणे म्हणाले, ‘बसलोच आहे. ओरडू नकोस, रेकॉर्ड होतंय.’

पहिल्या फोनपासून, पहिल्या ‘नमस्कार’पासून त्यांना माहीत होतं. आणि मुका म्हातारा कोण, तेही मला तेव्हाच लख्ख कळलं. दुसरी कुणी लागली की फोन ठेवायचा आणि पुन्हा चाळीस मिनिटं बासरी ऐकायची, सत्तावीस लागेपर्यंत. छातीत धडधडत असलेला माणूस हे करत होता, आणि मी त्याच्यावर चहा पिताना हसत होते.

आमच्याकडे तातडीचा एक उपाय असतो. गोळी चुकवली किंवा कमी घेतली असं गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने म्हणालं, तर जवळच्या दुकानाला आठवड्याच्या गोळ्या लगेच द्यायचा हुकूम जातो. आम्ही ते सुचवायचं नाही, नाहीतर सगळेच तसं सांगतील. हे रडगाणं मी घरी जेवताना शंभर वेळा गायले होते. बाबा ताटात बघून जेवत असायचे, मला वाटायचं ऐकत नाहीत. आता विचारलं, पहिल्याच दिवशी संपल्या म्हणून का नाही सांगितलंत? तर म्हणाले, संपल्या नव्हत्या. पाचव्या दिवशी? पाचव्या दिवशी सांगायलाच फोन केला होता, पण साठा आहे का एवढंच विचारलंस, आणि साठा तर होता. मी कपाळावर हात मारून घेतला आणि हुकूम पाठवला. नियम मोडून पाठवला, माझ्याच क्रमांकाने.

लगेच नवऱ्याला फोन लावला, अर्ध्या तासात तो त्यांना घेऊन दवाखान्यात पोचला, गोळ्या घेऊन मीही पोचले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली आणि बाबांची अशी हजेरी घेतली की मला काही बोलायला शिल्लकच ठेवलं नाही. आणखी चार दिवस गेले असते तर मला हे वेगळ्या तऱ्हेने सांगावं लागलं असतं, असं त्या म्हणाल्या. बाबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला तो जिना चढून घरात पोचेपर्यंत सोडला नाही. त्यांनीही सोडवून घेतला नाही.

ऑफिसात मला लेखी समज मिळाली. तो फोन आता नव्या मुलींना शिकवताना ऐकवतात, काय करू नये त्याचा नमुना म्हणून. पार्सल अठराव्या दिवशी आलं, वरातीमागून घोडं. बाबांनी ते आधी काट्यावर ठेवलं.

आमच्याकडे फोन संपला की गिऱ्हाइकाला गुण द्यायला सांगतात, एक ते पाच. महिन्याच्या शेवटी माझ्या गुणांचा कागद आला. त्या दिवसाच्या फोनसमोर चार होते. मी कागद घेऊन तडक खिडकीपाशी गेले. ते काटा पुसत बसले होते. मी विचारलं, एक गुण कशाचा कापलात?

‘ओरडलीस त्याचा.’

‘आणि चार कशाचे दिलेत?’

त्यांनी पारडं उजेडात धरून फडक्याने परत एकदा पुसलं. मी गॅसकडे वळले नाही. उत्तर येईपर्यंत तिथेच उभी राहिले.

‘तेही त्याचेच,’ ते म्हणाले.