एकाच ठिकाणचा अर्ज

उल्हासनगरच्या एका कॉलेजात परीक्षा विभागाच्या खिडकीमागे माझी सव्वीस वर्षं गेली. बाहेर उभ्या असलेल्या मुलांना माझा चेहरा कमी आणि माझी बोटं जास्त ओळखू येत असतील, कारण चेहऱ्यासमोर जाळी आहे आणि खाली कागद सरकवायला फट. त्या फटीतून मी मार्कशीट दिल्या, दाखले दिले, प्रसंगी चार शब्द सुनावलेही. कारण नसताना कुणाला सुनावलं नाही, असं आपलं मी समजते.

गेल्या काही वर्षांत एक काम फार वाढलं. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना ट्रान्सक्रिप्ट लागतं, म्हणजे सगळ्या वर्षांचे मार्क एकत्र लिहिलेला कागद. तो मुलाच्या हातात उघडा द्यायचा नसतो. लिफाफ्यात घालून डिंकाने चिकटवायचा, वर प्राचार्यांची सही घ्यायची आणि शिक्का असा मारायचा की अर्धा झाकणावर आणि अर्धा लिफाफ्यावर यावा. वाटेत कुणी उघडलाच तर दोन अर्धे पुन्हा जुळत नाहीत. हल्ली बरंचसं ऑनलाइन झालंय, तरी काही विद्यापीठं अजून कागदच मागतात आणि बाकीच्या ठिकाणांसाठीही मुलं ‘असू दे’ म्हणून लिफाफे घेऊन ठेवतात. माझा शिक्का कधी हललेला नाही. या एका गोष्टीचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

मुलं येतात आणि थेट आकडा सांगतात. “मॅडम, आठ.” “मॅडम, दहा.” एका सिंधी मुलाच्या वडिलांचं जीन्सचं दुकान होतं. त्याने बारा मागितले आणि वर विचारलं, “मॅडम, डझन पे कुछ कम करोगे?” मी म्हटलं, “ये तेरे पप्पा की दुकान नहीं है.” तोही हसला, मीही हसले. अशा आकड्यांमागे कन्सल्टंटचं ठरलेलं गणित असतं: दोन विद्यापीठं आवाक्याबाहेरची, चार बरी, दोन हमखास मिळणारी. प्रत्येक ठिकाणी अर्जाची फी वेगळी भरायची, तीही डॉलरमध्ये, आणि प्रवेश मिळो न मिळो, ती परत येत नाही. शिवाय इंग्रजीच्या परीक्षेची फी, त्या परीक्षेचे मार्क विद्यापीठांना कळवायची फी, कुरियर, आमच्या लिफाफ्यांचे पैसे. विमानाचं तिकीट अजून लांबच. नुसतं ‘मला घ्या’ म्हणण्याचा हा खर्च.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, कारण गेल्या वर्षी हिवाळ्यात अंबरनाथला आमच्याच घरी हे चाललं होतं. मुलगा इंजिनिअर झालेला, नऊ ठिकाणी अर्ज करत होता. रोज जेवणं झाली की टेबल पुसून लॅपटॉप उघडायचा. मी कार्ड धरून बसायची. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर यायचा आणि तो ते सहा आकडे फॅक्टरीतल्या भोंग्यावर आवाज चढवायची सवय असल्यासारखे ओरडून सांगायचा. शेजाऱ्यांना आमचे सगळे ओटीपी ठाऊक झाले असतील. आमच्यासाठी तो जवळपास सणच होता.

त्याच नोव्हेंबरात खिडकीशी एक मुलगी आली. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, बदलापूरच्या पुढे बारवीकडच्या डोंगरात एक वाडी आहे तिथली. मी तिला ओळखत होते, कारण पाच वर्षांत तिचा शिष्यवृत्तीचा फॉर्म एकदाही चुकून परत आला नव्हता. असं मूल मला दुसरं आठवत नाही.

“मॅडम, ट्रान्सक्रिप्ट पायजे.”

“किती?”

“एक.”

“ते घरी ठेवायला. पाठवायला किती?”

“पाठवायलाच एक.”

मी पेन खाली ठेवलं. “अगं, एकात काय होतंय? लोक दहा-दहा ठिकाणी टाकतात तेव्हा कुठे एक लागतं.”

“माहीत आहे मॅडम,” ती म्हणाली आणि पावतीचे पैसे फटीतून आत सरकवले.

मला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं मला वाटलं. पैसे नाहीत. दुसरं काय असणार? दुपारच्या डब्याच्या वेळी मी स्टाफरूममध्ये उभी राहिले आणि विषय काढला. आमच्याकडे लोक कुरकुर खूप करतात, पण असं काही सांगितलं की हात आखडत नाहीत. दोन दिवसांत आणखी चार अर्जांची फी जमली. मी तिचे एकाऐवजी पाच लिफाफे तयार केले, पाचही शिक्के जागच्या जागी, आणि तिला आत बोलावलं. खरं सांगायचं तर तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायला मी आतुर झाले होते.

तिने पाचही लिफाफे बघितले. एक उचलला. चार हळूच माझ्याकडे सरकवले.

“मॅडम, तुम्ही सगळ्यांनी एवढं केलं, मला खूप बरं वाटलं. पण बाकीच्या ठिकाणी मला जायचंच नाय. नाय जायचं तिथली फी कशाला भरायची?”

“आणि नाही मिळालं तर?”

“तर नाय मिळालं.”

मला राग आला. आपण होऊन केलेली मदत कुणी परत केली की माझ्यासारख्या बाईला अपमान वाटतो. पैसे ज्याचे त्याला परत देताना मी स्टाफरूममध्ये म्हणाले, “एवढा ताठा बरा नव्हे.” हे शब्द माझेच आहेत, म्हणून लिहायला हवेत.

त्या रात्री आमच्याकडे नववा अर्ज होता. कार्डाचे आकडे घालता घालता मी मुलाला सहज विचारलं, “या नवांपैकी तुला कुठलं हवंय?”

“जिथे मिळेल ते.”

“ते झालं. पण हवंय कुठलं?”

तो स्क्रीन खाली सरकवत म्हणाला, “आई, असं नसतं गं ते.” नवऱ्याने ओटीपी ओरडून सांगितला. फी गेली.

आठवड्याभराने ती मुलगी पुन्हा आली. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं असा कॉलेजचा दाखला तिला हवा होता. तो असला की त्या विद्यापीठाला इंग्रजीची परीक्षा लागत नव्हती, आणि ही गोष्ट तिने कुठल्याही कन्सल्टंटशिवाय शोधून काढली होती. दाखला टाइप होईपर्यंत मी तिला माझ्यासमोर बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, “तेच का? असं काय आहे तिथे?”

ती सांगू लागली. त्यांच्या वाडीवर कडू करांदे खातात. रानातला कंद. नीट केला नाही तर माणूस ओकून ओकून अर्धा होतो. तो चिरायचा, राख घालून उकडायचा, मग टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचा. परदेशातले एक प्रोफेसर या कंदांवर काम करतात. त्यांचा एक लेख तिने आमच्या लायब्ररीतल्या संगणकावर वाचला. त्यात लिहिलं होतं, पाण्यात एक रात्र ठेवतात. तिच्या वाडीवर तीन रात्री ठेवतात.

“मग मी त्यांना मेल केला, की हे चुकीचं आहे.”

“प्रोफेसरला?”

“हो ना. कोणी वाचून एका रात्रीचे खाल्ले तर?”

प्रोफेसरांनी उत्तर पाठवून विचारलं, तुला हे कसं माहीत? तिने लिहिलं, माझ्या आईला माहीत आहे. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. कुठल्या झाडाची राख, ओढा आटला की काय करता, तयार झाला हे चव घेऊन ओळखता की बोटाने दाबून. ती प्रश्न घेऊन घरी जायची. आई कामं करता करता उत्तरं सांगायची, ही इंग्रजीत लिहून पाठवायची. एकदा सगळी उत्तरं देऊन झाल्यावर आईनेच उलट प्रश्न टाकला होता: “कडूपना राखेनं जातो का पान्यानं जातो, त्याला इचार. मला ते कधी समजलं नाय.”

“प्रोफेसर म्हणाले, आम्हालाही अजून नीट माहीत नाही. तू पीएच.डी.ला येऊन शोध. आईला जन्मभर हा प्रश्न पडलाय, मॅडम. हे काम तिथंच चालतं. मग दुसरीकडे जाऊन मी काय करू?”

मी थक्क झाले होते, आणि हा शब्द मी सहज वापरत नाही. शाळा न शिकलेली एक बाई ओढ्याकाठी उभी राहून जन्मभर एक प्रश्न मनात बाळगते आणि तिची मुलगी तो हातात घेऊन जगातलं एकच दार ठोठावते. या टेबलावरून मी किती लिफाफे पाठवले याची गणती नाही, पण ‘कशासाठी जातोस’ असं एकालाही विचारलं नव्हतं. नऊ अर्ज करणाऱ्या माझ्या मुलालाही नाही.

तरी माझ्या डोक्यातला किडा गेला नव्हता. मी विचारलं, “खरं सांग. पैसे असते तर आणखी चार ठिकाणी टाकला असतास?”

ती विचार करून म्हणाली, “टाकला असता बहुतेक. पैसे नव्हते म्हणून नीट शोधावं लागलं. आता सापडल्यावर दुसरं काय नको वाटतं.”

फी त्यांनी पावसाळ्यात जमवली होती. आईने आणि मावशीने बदलापूर स्टेशनबाहेर बसून रानभाज्या विकल्या, वडिलांनी चिखलोलीला नव्या इमारतींच्या बांधकामावर काम केलं. तिचं कार्ड परदेशात चालत नव्हतं, म्हणून तिने पैसे मला दिले आणि माझ्या कार्डावरून आम्ही ऑफिसातल्याच संगणकावर फी भरायला बसलो. घरी नऊ वेळा हे काम मी डोळे मिटून केलं होतं. तिने मात्र पान वरपासून खालपर्यंत वाचलं. ‘ही फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ हे वाक्य दोनदा वाचलं आणि समोरच्या माणसाने रीतसर सांगितल्यासारखी मान हलवली.

“दाबा मॅडम.”

“तूच दाब,” मी म्हटलं. मला धीर होईना.

मार्चमध्ये माझ्या मुलाला चार ठिकाणी प्रवेश मिळाला. मी ऑफिसात पेढे वाटले. ती त्याच दिवशी आली, पेढा घेतला, मुलाची चौकशी केली आणि मग फोन माझ्यापुढे धरला. मेल तीन ओळींचा होता. अर्ज आवडला आहे. यंदा नव्या विद्यार्थ्यासाठी निधी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

माझं डोकं फिरलं. “आईकडून सगळं विचारून घेतलं आणि आता निधी नाही म्हणे! आणि पुन्हा अर्ज म्हणजे पुन्हा फी!” मी बोलतच सुटले. डोळ्यांत पाणी माझ्या आलं. ती शांतपणे मला म्हणाली, “मॅडम, पुढच्या वर्षी परत करीन. वांगणीला नर्सरीत काम मिळालंय, रोपांचं. वर्ष जाईल.” मोठी कोण आणि लहान कोण, मला कळेना.

मग मी एक गोष्ट विचारली. आयुष्यात इतकं घाबरत मी साहेबांकडे रजासुद्धा मागितलेली नाही. “पुढच्या वर्षीची फी मी भरली तर चालेल?”

मी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या मुलासारखी वाट बघत होते.

“भरा मॅडम,” ती म्हणाली. “पण तिथलीच.”

गेल्या महिन्यात भरली. मुलगा आता त्याच्या विद्यापीठात रुळलाय, फोनवर “बरं चाललंय” म्हणतो. तो तिथे का आहे हे मी अजून विचारलेलं नाही, त्यानेही सांगितलेलं नाही. आता मार्चची वाट बघायची.

मी फार देवदेव करणारी नव्हे, पण सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जाते. मुलाचे नऊ अर्ज गेले तेव्हा पायऱ्या उतरून गाभाऱ्यात हात जोडले होते आणि म्हटलं होतं, “कुठेही मिळू दे रे बाबा.” या सोमवारी तिच्यासाठी हात जोडले आणि सवयीने तेच शब्द तोंडात आले. मी थांबले. तिला कुठेही मिळून चालणार नव्हतं. मागे रांग होती, एक बाई “ताई, सरका पुढे” म्हणत होती. तरी मी उभी राहिले आणि विद्यापीठाचं नाव, शहर, विभाग, प्रोफेसरांचं आडनाव असा सगळा पत्ता देवाला नीट सांगितला.