गाडीचा जुना डबा आणि मागून आलेली हाक

तीन वर्षं मी दत्तमहाराजांशी बोलत नव्हते. दिवा लावायचे, फुलं वाहायचे, पण ज्याने आपल्याला फसवलं त्या दुकानदारासमोरून मान वळवून जावं, तशी मी त्यांच्या तसबिरीसमोरून जायचे. ह्यांची मूत्रपिंडं थकत चालली आहेत असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी नरसोबाच्या वाडीला जाऊन नवस बोलले होते: डायलिसिसची पाळी येऊ देऊ नका, चांदीचं छत्र वाहीन. नुसतं बोलून थांबले नाही. इसार दिल्याशिवाय माल हलत नाही हे मला धंद्याने शिकवलं होतं, म्हणून छत्राच्या आधी चांदीचं निरांजन देऊन आले. चार महिन्यांत डायलिसिस सुरू झालं. इसार घेऊन सौदा मोडला, असा माझा देवावर आरोप होता, आणि तो मी मनात नीट जपून ठेवला होता.

माझा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी मिरजेची. ह्यांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे बंगळूरला आले आणि एचएसआर लेआउटमधल्या आमच्या स्वयंपाकघरात भडंग आणि चकल्या करून विकायला लागले. आज माझ्याकडे आठ बायका कामाला आहेत. हे सगळं मी घासाघीस करून उभं केलं. तेलवाला, शेंगदाणेवाला, टेंपोवाला, सगळे मला वचकून असतात. एकदा मी दुकानाची पायरी उतरले की मागे वळून बघत नाही. कारण सौदा झाल्यावर मागून हाक मारणारा दुकानदार भाव वाढवायलाच हाक मारतो, हे मी पंचवीस वर्षं पाहत आले आहे.

मधुमेहाने ह्यांच्या पायातलं बळ गेलं आणि घरात चाकाची खुर्ची आली. ह्यांची जुनी गाडी होती, पंधरा वर्षांची, गिअर आपोआप बदलणारी. बावन्नाव्या वर्षी मी ती चालवायला शिकले. दुसरी कुठली गाडी मला येत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला डायलिसिस. तीच गाडी एका सोमवारी परत येताना सिग्नलला थरथरायला लागली. गाडीतल्या काट्यांजवळ पिवळा दिवा लागला, गिअर एकाच जागी अडकला आणि मागच्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न ऐकत मी रांगत रांगत मंजण्णाच्या गॅरेजात पोचले.

मंजण्णा आमचा जुना मिस्त्री. त्याने काचेखालचं झाकण उघडून एक चपटा डबा बाहेर काढला. त्यातून पाणी ठिबकलं. इंजिन आणि गिअर, दोन्हींचा कॉम्प्युटर त्या एका डब्यात होता.

"अक्का, जाळीत पानं अडकली, पाणी आत गेलं. मागच्या सर्व्हिसिंगला जाळी साफ करू म्हटलं होतं मी."

ते काम बिलातून मीच खोडायला लावलं होतं.

कंपनीने तो डबा बनवणं बंद केलेलं. सर्व्हिस सेंटरने गाडी भंगारात काढायचा सल्ला दिला. बुधवारी टॅक्सी बोलावली. दोघांनी खुर्ची पाहून नकार दिला, तिसऱ्याच्या डिकीत गॅसची टाकी असल्यामुळे खुर्ची मावेना. पोचेपर्यंत ह्यांचं मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. कसंबसं अर्ध्या वेळेचं डायलिसिस मिळालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, शुक्रवारी पूर्ण झालंच पाहिजे, अंगात पाणी साठतंय. मी रुग्णवाहिका सांगून ठेवते म्हटलं, तर हे म्हणाले, "आडवा कशाला नेतेस? अजून बसता येतंय मला." हसले आणि हसताना त्यांना धाप लागली. एखाद्या दिवशी रुग्णवाहिका ठीक आहे, पण आठवड्यातून तीनदा, जन्मभर कशी पुरायची? ती रात्र मी त्यांचा श्वास मोजत काढली.

गुरुवारी सकाळी मंजण्णाने ओला डबा पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "शिवाजीनगरला जुन्या पार्ट्सच्या गल्लीत मिळेल. नंबरचं एकेक अक्षर जुळवून बघा. आणि अक्का, दोन्ही डबे परत आणा." मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं. मनात म्हटलं, माझ्या भंगारावर ह्याचा डोळा आहे.

गल्लीत सहाव्या की सातव्या दुकानात एका म्हाताऱ्या चाचांकडे तसाच डबा निघाला. अक्षर न अक्षर जुळलं. मग मी सुरू झाले. ह्यांचं आजारपण सांगितलं, डायलिसिस सांगितलं, एचएसआरपासून आले तेही सांगितलं. दुःख खरं होतं, पण त्या घटकेला मी ते भाव पाडायला वापरत होते, हे आज लिहिताना लाज वाटते. चाचा थोडे उतरले. बिल नको म्हटल्यावर आणखी उतरले. शेवटी मी जुना डबा त्यांच्या गल्ल्यावर ठेवला आणि म्हटलं, हा घ्या आणि अजून कमी करा. ते काहीतरी बोलायला लागले, पण मी पैसे टेकवून पायरी उतरले होते. मागून हाक आली, "अम्मा, सुनो तो." मी पाय उचलला. पुन्हा हाक आली. मी जवळजवळ पळतच रिक्षात बसले. गॅरेजात पोचेपर्यंत मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

मंजण्णाने डबा पाहिला, नंबर पाहिला, मान डोलावली. मग पिशवीत हात घातला.

"जुना कुठे आहे, अक्का?"

"तो देऊन टाकला. त्याच्यावर भाव कमी करून घेतला."

तो स्टुलावर बसला. "तुमच्या किल्लीची ओळख त्या जुन्यात आहे. ती ह्याच्यात उतरवली नाही तर गाडी सुरूच होणार नाही. तुम्हालाच चोर समजेल ती."

बिल नाही, दुकानाचं नाव नाही, फोन नंबर नाही. भाव कमी करण्यासाठी जे जे मी सोडून दिलं होतं, ते सगळं मला आता हवं होतं. घरी फोन केला तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, हे उशांना टेकून बसलेत, झोपता येत नाही. मी तशीच पुन्हा शिवाजीनगरला गेले. वाटेत वाहतूक तुंबली होती. रिक्षावाला म्हणाला, "स्वल्प ताळी, अम्मा," आणि थोडं थांबा एवढंच सांगणाऱ्या त्या माणसावर मी ओरडले. आरशातून माझ्याकडे पाहून त्याने पाण्याची बाटली मागे दिली.

गल्लीत सगळी दुकानं सारखीच दिसत होती. टायरांचे तेच ढीग, तेच काळे हात. निळी पायरी होती एवढंच आठवत होतं. ती सापडली, पण वर शटर खाली होतं. शेजारचा म्हणाला, चाचा केव्हाच बंद करून गेले, कुठे ते माहीत नाही. डबा कदाचित गेलाही असेल, वितळवणारे रोज येऊन घेऊन जातात.

मी त्या पायरीवर बसले. सवयीने ओठांवर नवस आला. हे द्या, मी ते देते. पण देण्यासारखं काही सुचेना. छत्र, अभिषेक, अन्नदान, एकेक गोष्ट मनात यायची आणि तिच्यातून मलाच माझा भाव पाडणारा आवाज ऐकू यायचा. शेवटी मी एवढंच म्हटलं, महाराज, माझ्याकडे द्यायला काही नाही. ह्यांना धाप लागली आहे. मी दमले. तुम्ही काय ते बघा. तीन वर्षांनी मी त्यांच्याशी बोलले ती ही चार वाक्यं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. "अम्मा," अशी मागून हाक आली. आवाज ओळखीचा होता. ह्या वेळी मी वळले.

चाचा उभे होते, घामाघूम, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. "कित्ती आवाज़ां दिया मैं तुमकू. मुड़के देखे च नईं. ये डब्बे के बिना गाड़ी चलती नईं, मालूम?"

मी गेल्यावर त्यांनी डबा बाजूला ठेवला होता. मन लागेना म्हणून दुकान बंद करून एचएसआरच्या बसथांब्यावर जाऊन मला शोधलं, मग मेट्रोवर, मग पुन्हा बसथांब्यावर. मी रिक्षाने गेले हे त्यांना ठाऊक नव्हतं. डबा ओला आहे म्हणून वाटेत एका ओळखीच्याकडे तो उघडून वाळवूनही आणला होता. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते मागे सरले. "अरे, घर जाओ पहले. मरीज़ अकेला है."

मंजण्णाने दोन्ही डबे टेबलावर उघडून ठेवले, तारा जोडल्या आणि लॅपटॉप उघडला. जुन्या डब्यातल्या एका कोपऱ्याला हिरवट गंज चढला होता. पहिल्यांदा काही वाचलं गेलं नाही. दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबलं. "वेळेवर वाळवला म्हणून इतकं तरी येतंय," तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत ओला राहिला असता तर मी हातच लावला नसता." त्याने जोडणी पुसली, फुंकर मारली, पुन्हा लावली. मी हात जोडले नव्हते. नुसती बसून होते. तिसऱ्यांदा सगळं उतरलं. त्याने नवा डबा गाडीत बसवून किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्हीच फिरवा, अक्का." इंजिन सुरू झालं आणि पिवळा दिवा विझला.

शुक्रवारी साडेसहाला आम्ही निघालो. गिअर अजून थोडे धक्के देत होते. नवा डबा हळूहळू शिकेल, असं मंजण्णाने सांगितलं होतं. हे डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते. "दुसरा पडला," ते म्हणाले. मग, "तिसरा." चार तासांचं पूर्ण डायलिसिस झालं. येताना त्यांना झोप लागली, आणि श्वास इतका शांत होता की मी सिग्नलला दोनदा वळून पाहिलं.

हा चमत्कार होता की एका भल्या माणसाची चिंता, ह्यावर मला वाद घालायचा नाही. डायलिसिस सुटलं नाही, सुटणारही नाही. पुढच्या आठवड्यात मी चाचांना भडंगाचा डबा घेऊन गेले. "भाव बोलो पहले," म्हणत ते मिश्कील हसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला भाव सांगता आला नाही. नवस मात्र मी पुन्हा बोलले नाही. तसबिरीसमोर बसते, आज काय काय झालं ते सांगते आणि उठते. कधी कधी वाटतं, त्या तीन वर्षांत महाराजही मला मागून हाका मारत असतील आणि ते काहीतरी जास्त मागतील म्हणून मी पाय उचलत राहिले असेन.

घरातून निघणाऱ्याला मागून हाक मारू नये, अशी आमच्याकडची रीत. पूर्वी ह्यांनी हाक मारली की मी दारातच चिडायचे. काल मी चपला घालून निघाले आणि खुर्चीतून आवाज आला, "अगं." मी थांबले, वळले. हे चष्मा हातात धरून बसले होते, माझा.