शिवणयंत्रावर बसून वाढलेलं बीपी

मैत्रिणींनो, दुपारपासून स्वप्नात असल्यासारखं वाटतंय, म्हणून सायबर कॅफेत बसून लिहितेय.

मी मंचरला शिवणकाम करते. दिवसभर मशिनवर बसून असते. माझी थोरली बहीण, सुमनताई, निरगुडसरला शेतात राबते. कांदे लावताना तिला दम लागायचा, म्हणून आज तिला दवाखान्यात नेलं.

तिचा ईसीजी चांगला निघाला. अंगात रक्त कमी होतं, त्याच्या गोळ्या मिळाल्या. मग डॉक्टरीणबाईंनी सहज माझं बीपी पाहिलं आणि पुन्हा एकदा पाहिलं.

"काम काय करता?"

"शिवते. बसूनच असते."

"बीपी बरंच वाढलंय. सारखं बसणं हृदयाला मानवत नाही. औषध घ्या आणि रोज चाला."

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "मला वाटायचं तुझं लई बरंय, सावलीतलं काम."

एसटीच्या पुढच्या थांब्यापर्यंत आम्ही कालव्याच्या कडेनं चालत गेलो. पाणी संथ सरकत होतं, उसाचे तुरे उन्हात पांढरे दिसत होते. ताईनं माझा हात धरला. "हळू चल, आपल्याला कुटं घाई न्हाई."

किती वर्षांनी आम्ही दोघी अशा चाललो.

तुमचं काम बसून आहे की राबून? आणि बीपी शेवटचं कधी पाहिलंत?