तीर्थरूप वहिनीस

दोष माझा हाय, हे आधीच सांगून टाकतो. अमेरिकेच्या सरकारनं आमच्या वहिनीला तिच्या पोटच्या पोराची आई मानलं न्हाय, ते माझ्या तोंडापायी.

वहिनीचं नाव आक्काताई. माझ्या थोरल्या भावाची, पिराजीदादाची बायको. कसबा बावड्यात आमचं घर. ती लगीन होऊन आली तवा मी आठ वर्षांचा होतो, आणि दिवसभर 'वहिनी, भाकरी दे', 'वहिनी, नाडी बांध' असा घसा ताणून वरडायचो. चार वर्षांनी नागसेन झाला, तो घरातच. सुईणीला बोलवायला मीच पळत गेलतो. पोरगं बोलायला लागलं ते माझं ऐकून. मी वहिनी म्हणायचो, तोबी वहिनी म्हणायला लागला. मी दादा म्हणायचो, त्याचा बापबी त्याला दादा झाला. माझी आई चिमणाबाई, म्हणजे त्याची आज्जी, ती त्याला आई झाली. मला तेवढा काका म्हणायचा, कारण मी स्वतःला कधी हाक मारत नव्हतो. आमच्याकडं अशी घरं गल्लीला दोन-चार तरी सापडतील. कुणाला त्याचं काय वाटत न्हाय.

वहिनी म्हणजे बोलायला एक घाव दोन तुकडे. उसाच्या भांगलणीला गेली, लोकांच्या बांधाला राबली, आणि पोराला इंजिनिअर केलं. एक्याण्णवला नागसेन अमेरिकेला गेला. त्याच वर्षी ही सत्तेचाळीस वर्षांची बाई साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसली. 'माझं पत्र दुसऱ्यानं का म्हणून वाचायचं?' म्हणाली. सहा महिन्यांत वाचायला लागली.

आता पत्राचं ऐका, कारण सगळं रामायण तिथंच झालं. शाळेत आम्हाला पत्रलेखन शिकवलंतं: तीर्थरूप हा शब्द फक्त आईबापाला लिहायचा, बाकीच्या थोरामोठ्यांना तीर्थस्वरूप. नागसेनला हे मी शिकवलं. तो इमानेइतबारे लिहायचा, 'तीर्थरूप वहिनीस'. आणि आज्जीला, 'तीर्थस्वरूप आईस'. मराठी माणसाला ह्यात कोण कुणाचं कोण ते पहिल्या ओळीत कळतं की. शहाण्णवला आमची आई वारली. नागसेनला येता आलं न्हाय. त्यानं पत्रात लिहिलं, 'आई गेली. मला तिचं शेवटचं तोंड बघता आलं नाही.'

पुढं दादाबी गेला. नागसेन तिकडचा नागरिक झाला, आणि दोन हजार पाचला त्यानं वहिनीला कायमची तिकडं न्यायला अर्ज केला. जन्माचा दाखला न्हाय, कारण घरातल्या बाळंतपणाची नोंद कुणी केलीच नव्हती. शाळेच्या दाखल्यावर नुसता बाप. मग वकिलानं सांगितलं, जुनी पत्रं द्या, नातं दिसू द्या. वहिनीनं ट्रंकेतनं गठ्ठा काढून दिला. मुंबईच्या एका भाषांतर करणाऱ्यानं त्याचं इंग्रजी केलं.

भाषांतर कसलं, दळण दळलं. तीर्थरूप आणि तीर्थस्वरूप, दोन्हीला एकच शब्द, 'आदरणीय'. वहिनीला सिस्टर-इन-लॉ. आणि पठ्ठ्यानं नावाचंबी भाषांतर केलं. आक्काताई, म्हणजे थोरली बहीण.

चार महिन्यांनी अमेरिकेहून उत्तर आलं. नागसेननं ते फोनवर वाचून दाखवलं. अर्जदारानं स्वतःच्या हातानं लिहिलंय की त्याची आई शहाण्णव साली वारली. सदर बाई त्याच्या भावाची बायको दिसते. बाईच्या नावाचा अर्थ मात्र बहीण असा हाय. तरी नातं सिद्ध करायचं असल्यास डीएनए चाचणी करून घ्यावी.

मी हे वहिनीला सांगितलं. ती शेंगा निवडत बसलीती.

"म्हंजे मी त्येची भन बी हाय आन् भावजय बी हाय," ती म्हणाली. "आईच तेवढी न्हाय."

"सोड की वहिनी. न्हाय गेलीस अमेरिकेला तर काय बिघडतंय?"

"जायाचं का न्हाय ती मागनं बघू. आदी त्येनी लिहून द्यायचं, मी त्येची आई हाय म्हणून. शाळंच्या दाखल्यावर बाप, कालिजात बाप. जल्माचा दाखलाच न्हाय. माझं नाव त्येच्या म्होरं कुठं हाय ती दाव की मला. आता लिहून घेतल्याबिगर मी गप बसत न्हाय."

मी तावातावानं अमेरिकेच्या सरकारला दोन पानी पत्र लिहिलं, तीर्थरूप म्हणजे काय आणि तीर्थस्वरूप म्हणजे काय. वकील म्हणाला, हे तिकडं कोण वाचणार? पत्र माझ्या खिशातच राहिलं.

वकिलानं नागसेनलाबी एक सल्ला दिला: इथून पुढं बोलताना, लिहिताना 'आई' म्हणत जा, घोळ नको. पोरगं घाबरलेलं. त्यानं ऐकलं. पुढच्या रविवारी फोन आला, वहिनीनं उचलला.

"हॅलो, आई?"

"आई जाऊन धा वर्सं झाली," वहिनी म्हणाली. "राँग नंबर." आणि ठेवून दिला.

त्यानं परत केला. हिनं परत ठेवला. मग त्यानं मला शेजारच्या दुकानात फोन करून विचारलं, "काका, मी आता काय म्हणू?" त्या दिवसापासनं दोघांचं बोलणं बंद. खबरबात काय ती माझ्यामार्फत. माझ्या जिवाला फार लागलं ते. त्या पोराच्या तोंडात आई हा शब्द मीच येऊ दिला न्हाय, असं वाटायला लागलं.

चाचणीला मुंबईला जायचं होतं, त्यांनीच नेमून दिलेल्या डॉक्टरकडं. नागसेननं तिकडं आपला नमुना दिलता. वहिनीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि दवाखान्यात खुर्चीत बसल्या बसल्या चोळीची बाही वर केली.

"घ्या, पायजे तेवढं रगात घ्या."

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "रक्त नको आजी, गालाच्या आतून कापूस फिरवायचाय. आ करा." तोंडात बघतात तर मशेरी. मग चुळा भरायला लावल्या, तीनदा. वहिनीला ते आवडलं न्हाय. पासपोर्ट बघितला, फोटो काढला, अंगठा घेतला, ही सही येते म्हणून भांडली, तर सहीबी घेतली. कापसाच्या काड्या पाकिटात घालून पाकीट आमच्यासमोर सीलबंद केलं.

"आजी, काही शंका नाही ना मनात?" डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं.

"शंका कसली? घरात जलमला त्यो. त्या दिशी घरात दुसरं पोरच नव्हतं बदलायला."

येताना एस्टी साताऱ्याला जेवणाला थांबली. भज्यांची बशी पुढं घेऊन बसलो आणि मला ऱ्हावलं न्हाय. म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं. माझ्यामुळं तुला जन्मात कुणी आई म्हटलं न्हाय."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "भाऊसो, मी लगीन करून आले तवा तुझी आई मला 'अगं ए' म्हणायची. तुझा दादा तर हाकच मारायचा न्हाय, नुसता खोकायचा. सोळा वर्सांची होते रे मी. वाटायचं, ह्या घरात आपुन हाय का न्हाय? तू शेंबडं पोर, पयल्या दिशी दारात हुबा ऱ्हाऊन 'वहिनी' म्हणालास. त्या घरात मला पयली हाक तुझी. तीच माझ्या लेकानं उचलली. ती टाकून मी दुसरी कशापायी घिऊ?"

चोपन्न वर्षांचा बाप्या मी, कारखान्यात तीस वर्षं फिटर, त्या कँटीनमध्ये चारचौघांत रडत बसलो.

"गप खा," वहिनी म्हणाली. "गार व्हायला लागलीत."

दोन महिन्यांनी पाकीट आलं. आत निकालाची नक्कल, सगळी इंग्रजीत. मी वाचून दाखवलं, आई असण्याची शक्यता नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव टक्के.

"उरल्यालं कुठं गेलं?" वहिनीनं विचारलं.

"तेवढं सोडतात, वहिनी. शंभर ते कुणालाच देत न्हाईत."

"माझं नाव कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. आक्काताई, आणि त्याच्यापुढं मदर. तिनं त्या शब्दावर आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं न्हाय. डोळ्यांत पाणी आलेलं तिनं पुसलंबी न्हाय.

नकलेखाली नागसेनची चिठ्ठी होती, मराठीत. त्यानं वर 'तीर्थरूप' लिहिलंतं आणि पुढं जागा कोरीच सोडलीती. काय लिहावं ते पोराला कळलं नसणार. खाली एवढंच: 'निकाल आला. मला कधीच शंका नव्हती. तू फोन उचल.'

वहिनीनं चिठ्ठी दोनदा वाचली. मग माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं, कागद मांडीवर धरला, आणि त्या कोऱ्या जागेत एकेक अक्षर दाबून लिहिलं, 'वहीनीस'. हि दीर्घ काढलीती. मी ती दुरुस्त केली न्हाय.

"आता लाव त्येला फोन," ती म्हणाली.